मोटरहोमचा वर्षाचा खर्च : मित्रास पत्र

नोव्ही, मिशिगन
१२ ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. क्लीव्हलंडजवळच्या डीलरकडे पाहिलेली २०१६ सालची २८ फुटी क्लास सी मोटरहोम (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेले, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेले फिरते घर) तुम्हा दोघांना मनापासून आवडली, हे वाचून फार आनंद झाला. मात्र विमा, नोंदणी आणि ऑइल बदलणे एवढेच धरून तू वर्षाला दोन हजार डॉलरचा अंदाज मांडला आहेस, तो वाचून राहवले नाही. गेली सहा वर्षे माझ्या गाडीची प्रत्येक पावती मी वहीत उतरवत आलो आहे आणि पुढचे सगळे आकडे त्या वहीतले आहेत.

मला वाटते, तू मोटारीचा हिशेब मोटरहोमला लावलास. मोटार पळते तशी झिजते. मोटरहोम उभ्या उभ्या म्हातारी होते. म्हणून तिचा खर्च मैलांवर न मोजता वर्षांवर मोजावा लागतो.

टायरचेच घे. फोर्ड ई-४५० चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, पुढे दोन आणि मागे जोडीने चार, असे सहा टायर असतात. आम्ही वर्षाला जेमतेम चार हजार मैल फिरतो, त्यामुळे माझ्या टायरची नक्षी अगदी नव्यासारखी होती. पण एकदा गुडघ्यावर बसून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा कडेच्या रबराला केसाएवढ्या बारीक भेगा पडलेल्या दिसल्या. टायरवर डीओटी या अक्षरांपुढे जो क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष; २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी सहा-सात वर्षांनी टायर बदलावेत, असे माझे ठाम मत आहे. सहा टायरचे बसवण्यासह मला १,४४० डॉलर पडले, म्हणजे वर्षाला २४०. आणि ज्या वर्षी टायर घ्यायचे नाहीत त्या वर्षीही हे २४० बाजूला पडले पाहिजेत.

पण खरा शत्रू पाणी. तिसऱ्या वर्षी वसंतात गाडी उघडली, तर ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाच्या कोपऱ्यात भिंतीचा कागद फुगलेला दिसला. अंगठ्याने दाबले, तर आतले प्लायवूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे दबले. शिडी लावून वर पाहिले, तेव्हा बाहेरच्या एका दिव्याभोवतीचे सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा चिकट लेप, नखाच्या लांबीएवढे तडकलेले होते. ती फट बुजवायला पंधरा डॉलरची नळी पुरली असती. दुरुस्तीला मात्र २,८०० डॉलर लागले, आणि हळूहळू झिरपलेल्या पाण्याचे नुकसान पॉलिसीत बसत नाही, असे विमा कंपनीने कळवले. तेव्हापासून मी एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये छतावर चढून प्रत्येक झडप, प्रत्येक सांधा आणि शिडीचा प्रत्येक स्क्रू हाताने तपासतो. सीलंट आणि पुढेमागे करावा लागणारा छताचा नवा लेप यांसाठी मी वर्षाला ३०० डॉलर धरतो.

आपल्याकडच्या थंडीचा खर्च थोडा, पण चूक महाग. नळ्यांत पाणी गोठून त्या फुटू नयेत, म्हणून गेल्या शनिवारीच मी सगळ्या नळ्यांमधले पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारे द्रव, भरले. हे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असते. इंजिनातले विषारी अँटीफ्रीझ पाण्याच्या नळीत कधीही घालू नकोस. वॉटर हीटरला आधी बायपास दे, म्हणजे त्याची टाकी नळ्यांपासून वेगळी कर, नाहीतर सहा गॅलन अँटीफ्रीझ त्याच्या टाकीतच जाईल. आणि बाहेरचा शॉवर विसरू नकोस. पहिल्या हिवाळ्यात मी तो विसरलो, त्याची नळी फुटली आणि २४० डॉलर गेले. जनरेटरही महिन्यातून एकदा विजेचा भार देऊन चालवावा लागतो, नाहीतर शिळ्या पेट्रोलने कार्ब्युरेटर तुंबतो.

आता वहीतली बेरीज सांगतो. विमा १,१५०, सोसायटीच्या नियमाने दारात उभी करता येत नाही म्हणून भाड्याची जागा महिना ८० प्रमाणे ९६०, नोंदणी २००, रस्त्यावरच्या मदतीची वर्गणी १५०, टायर २४०, चार वर्षे टिकणाऱ्या ४०० डॉलरच्या बॅटऱ्यांचे १००, छत ३००, ऑइल, फिल्टर, जनरेटर आणि थंडीची तयारी मिळून ५००, आणि अवचित दुरुस्तीसाठी १,५००. एकूण ५,१०० डॉलर. तुम्ही वर्षात तीस रात्री गाडीत राहिलात, तर पेट्रोल आणि कॅम्पग्राउंडचे भाडे सोडून रात्रीला १७० डॉलर पडतात. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, ती यात धरलेलीच नाही.

म्हणून घेऊ नकोस, असे मी मुळीच म्हणत नाही. लेक सुपीरियरच्या काठी पहाटे दार उघडून चहाचा कप घेऊन पायरीवर बसण्याचे सुख मी सहा वर्षे भोगतो आहे, आणि ते तुम्हालाही मिळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. फक्त वेगळे खाते उघडून त्यात दरमहा ४२५ डॉलर टाकायची तयारी असेल, तरच पुढे जा. शिवाय इतक्या जुन्या गाडीचे टायर, बॅटऱ्या आणि मुदत संपलेला गॅस डिटेक्टर (गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र) हे सगळे पहिल्याच वर्षी एकदम समोर येऊ शकते. म्हणून खरेदीच्या रकमेतूनच तीन हजार राखून ठेव आणि त्या हिशेबाने भाव कर.

डिपॉझिट देण्याआधी सहाही टायरवरचे ते चार आकडे आणि वरच्या पलंगाच्या दोन्ही कोपऱ्यांचे फोटो मला पाठव. येत्या शनिवारी मी ओल मोजायचे मीटर आणि शिडी घेऊन सकाळी सातला निघतो. दहापर्यंत तुझ्याकडे पोचेन. डीलरला सांगून ठेव, आपल्याला छतावर चढू द्यावे लागेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती