रन शिकवणाऱ्या गार्डकाकांना, इंग्लंडातून थँक्यू

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार. काकूंनाही.

थँक्यू म्हटलं की तुम्ही चिडता, घरच्या माणसांना कसलं थँक्यू म्हणता, म्हणून तोंडावर कधी म्हणता आलं नाही. आता मी इंग्लंडात आहे, इथून तुम्ही मला गप्प करू शकत नाही, त्यामुळे सगळ्यांसमोर म्हणून घेते. शिवाय जळगाव-भुसावळकडच्या नर्सिंगच्या मुली सारखं विचारतात की ताई स्पोकन इंग्लिशचा कुठला क्लास लावला होता, तर त्यांनाही एकदाच कळू दे, क्लासबिस काही नव्हता, शेजारी रेल्वेतून रिटायर झालेले मालगाडीचे गार्ड राहायचे आणि त्यांनी मला ज्या एका शब्दावर सगळ्यात जास्त रखडवलं तो म्हणजे रन.

वाचणाऱ्याला वाटेल रन म्हणजे पळणे, दुसरीतलं पोरगं पण सांगेल, यात रखडवण्यासारखं काय आहे. तर ऐका, आमच्या वॉर्डात सकाळी नाइटवाली नर्स डेवालीला हँडओव्हर देते ना, त्यात काय काय येतं ते. चार नंबरच्या आजी रनिंग अ टेम्परेचर, म्हणजे ताप आहे. सहा नंबरच्या आजोबांना द रन्स, म्हणजे जुलाब, आणि हे ते स्वतः सांगतात तेव्हा इतक्या हळू आवाजात सांगतात की शब्द माहीत नसेल तर गेलाच. त्यांचं सलाइन रन करायचंय ओव्हर एट अवर्स. ब्लड लॅबला रन व्हायला गेलंय. हार्टचा त्रास रन्स इन द फॅमिली. गोळी बदलायची तर आधी रन इट पास्ट द डॉक्टर, म्हणजे डॉक्टरांना विचारून घ्यायचं. आणि खालचं क्लिनिक चाळीस मिनिटं रनिंग लेट. एवढं सगळं झालं आणि त्यात कोणी एक पाऊलसुद्धा पळालेलं नाही!

हे सगळं माझ्या कानाला ओळखीचं वाटलं ते फक्त तुमच्यामुळे. एकेक वाक्य तुम्ही शिकवलं होतं असं नाही, जुलाबाचं तर नक्कीच नव्हतं, पण हा शब्द कसा वागतो ते तुम्ही शिकवलं होतं.

तुमची सुरुवातच मला फार आवडायची. भुसावळ स्टेशनवर अनाउन्समेंट होते, अमुक गाडी इज रनिंग लेट बाय फिफ्टी मिनिट्स, आणि तुम्ही विचारायचे, गाडी आत्ता कुठे आहे? मी म्हणायचे आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, उभी असेल. मग उभी आहे तर रनिंग कशी? यावर मी गप्प. तुम्हीच मग सांगितलंत की गाडी त्या क्षणी उभी असली तरी तिचा प्रवास चालू आहे, ती कॅन्सल झालेली नाही, आणि इंग्रजीला रन म्हणायला तेवढं पुरतं. पाय लागत नाहीत, वेग पण लागत नाही, काहीतरी सुरू आहे आणि मधे तुटलेलं नाही एवढंच. ताप सुरू आहे, सलाइन सुरू आहे, घराण्यात आजार पिढ्यान्पिढ्या सुरू आहे. त्या एका उभ्या गाडीवर माझी अर्धी डिक्शनरी झाली बघा.

आणि तुमच्या नोकरीतच हा शब्द किती भरलेला होता. ड्रायव्हर-गार्ड म्हणजे रनिंग स्टाफ. त्यांना किलोमीटरवर मिळतो तो रनिंग अलाउन्स. परगावी ड्युटी संपली की जिथे जेवायचं आणि झोपायचं ती रनिंग रूम, म्हणजे आख्ख्या रेल्वेत जिथे कोणीही हलत नाही तिचं नाव रनिंग रूम! इगतपुरीच्या रनिंग रूमच्या डाळीबद्दल तुम्ही जे बोलायचे ते इथे लिहीत नाही. न थांबता स्टेशनातून निघून जाणारी गाडी रन थ्रू. इंजिन सुटून बाजूच्या लाइनीने गाडीच्या दुसऱ्या टोकाला येऊन लागलं की रन राउंड. आणि रन ओव्हर, त्याच्याबद्दल मात्र तुम्ही फक्त अर्थ सांगितलात, रुळावर माणूस येतो ते, आणि लगेच पुढच्या शब्दावर गेलात. मीही पुढे विचारलं नाही.

हाच रन ओव्हर मला इथे वेगळ्याच रूपात भेटला. सलाइन आठ तासांत द्यायचं तर तिथे ओव्हर, आणि मीटिंग ठरल्या वेळेपेक्षा लांबली की मीटिंग रॅन ओव्हर. पहिल्यांदा ऐकलं की अंगावर काटाच येतो, कोण गेलं गाडीखाली. पण तुमचं ते पॉइंटचं लक्षात होतं. तुम्ही म्हणायचे रन हे इंजिन, ते सगळीकडे सारखंच, गाडी कुठल्या लाइनीला जाणार हे पॉइंट, म्हणजे रुळांचा सांधा, ठरवतो, आणि इंग्रजीत पॉइंट म्हणजे पुढचा बारका शब्द, इन, आउट, इन्टू, अप, डाउन, त्याच्याकडे बघ. रन आउट ऑफ ग्लोव्ह्ज, ग्लोव्ह्ज संपले. रन इन्टू समवन, कोणीतरी अचानक भेटलं. रन अप अ बिल, बिल वाढवून ठेवलं. रन डाउन, पेशंट पार थकलाय, किंवा बॅटरी उतरलीय. यावर तुमचा ठरलेला जोक, की आमच्या सेंट्रल रेल्वेत अप म्हणजे मुंबईकडे आणि डाउन म्हणजे मुंबईपासून लांब, इंग्रजीचं अप-डाउन कुठल्या गावावरून धरलंय ते गोऱ्यांनाच विचार. विचारलं काका. त्यांनाही माहीत नाही.

बाजारात ते पिवळं फ्रेजल व्हर्बचं, म्हणजे क्रियापद आणि त्याच्या पुढच्या बारक्या शब्दाच्या जोड्यांचं, पुस्तक मिळतं, एका पानावर रनचे पंधरा, पुढच्या पानावर टेकचे वीस, पाठ करा आणि विसरा, ते तुम्ही माझ्या हातात पाहिलंत आणि काकूंकडे दिलंत, काकूंनी त्यावर कुकर ठेवला. मला तेव्हा राग आलेला, पैसे गेले म्हणून. आज मुलींना मीच सांगते की असली लिस्ट पाठ करू नका, वॉर्डात पेशंट लिस्ट बघून बोलत नाही.

त्यापेक्षा तुम्ही काय केलंत, तर मला आपल्याच बोलण्यातले रन शोधायला लावले. मॅच बघताना म्हणालात, चौकार गेला, कोणी पळालं? नाही पळालं. तरी चार रन. मग फर्निचरवाला आला, त्याने रेट सांगितला रनिंग फुटाचा. कॉन्ट्रॅक्टरचं काम अर्धं व्हायचं असतं आणि त्याचं रनिंग बिल येतं. जुनी मोटरसायकल विकणारा सांगतो गाडी रनिंग कंडिशनमध्ये आहे, आणि ती झाडाखाली स्टँडवर उभी असते, सीटवर मांजर झोपलेलं. हे सगळे शब्द मी लहानपणापासून वापरत होते, पण ते इंग्रजी आहेत आणि त्यांचा अर्थ मला आधीच येतो हे कोणीतरी दाखवावं लागलं.

आणि एक दुपार तर आपण नुसते हसत होतो, ते चालण्यावरून. इंग्रजाचं दुकान रन होतं, आपलं चालतं. त्याचं घड्याळ रन होतं, आपलं चालतं. नाटक, मशीन, सरकार, सगळं त्याचं धावतं आणि आपलं चालतं. आणि जे आपल्याकडे चालत नाही, म्हणजे नाक, ते वाहतं, कपड्याचा रंग जातो, रस्ता नदीच्या कडेने जातो, ताप येतो, तिथेही त्याला एकच रन पुरतो. काकू आतून म्हणाल्या, त्यांना घाई असेल हो. मला तर हे फार पटलं होतं पण इथे एक जर्मन मुलगी आहे, फिजिओथेरपीला, तिने सांगितलं की त्यांच्याकडे माणूस पळतो तो रेनेन आणि पाणी वाहतं ते रिनेन, दोन्ही वेगळे शब्द. मग मी शोधून बघितलं, तर इंग्रजीतही जुन्या काळी रिनन असं रूप होतं आणि त्यात वाहणंही होतं. म्हणजे नाक वाहतं त्याला रन म्हणणं ही काही कालपरवाची फॅशन नाही, ते हजार वर्षांपूर्वीचं आहे. काकूंना सांगा, घाईचा संबंध नाही.

तुमच्या ट्रंकेत ते पेपरचं कात्रण अजून आहे का? २०११ मधलं, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीबद्दलचं. आधी सेट हा शब्द सगळ्यात पुढे होता, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ, आणि नवीन काम करताना रन त्याच्या पुढे निघून गेला, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ, आणि त्यावर पीटर गिलिव्हर नावाचे संपादक नऊ महिने बसले होते. नऊ महिने एकाच शब्दावर! तुम्ही ते कात्रण मला दाखवून म्हणाला होतात, त्याला पगार होता, तुला मी फुकट शिकवतोय, तर नीट बस. आणि वर तुमची थिअरी, की हे वाढवलं आमच्यासारख्यांनी, इंजिन आलं, गिरणी आली, रेल्वेचं टाइमटेबल आलं, मग मशीन रन व्हायला लागली, पुढे कॉम्प्युटर आला तर प्रोग्राम रन व्हायला लागले, नुसत्या माणसांनी पळून एवढे अर्थ झाले नसते. मला वाटायचं काका रेल्वेचं कौतुक कुठूनही काढतात. पण त्या डिक्शनरीबद्दल लिहिणाऱ्यांचंही म्हणणं बरंचसं तसंच आहे, यंत्रांनी हा शब्द फुगवला. त्यामुळे हा पॉइंट तुमचा.

दोन गोष्टी मात्र तुम्हाला माहीत नव्हत्या, त्या सांगते, म्हणजे तुमच्या वहीत लिहून ठेवा. एक, स्कूल रन. सकाळी पोरांना गाडीतून शाळेत सोडायचं आणि दुपारी आणायचं, त्याला इथे स्कूल रन म्हणतात, आणि माझ्याबरोबरच्या निम्म्या नर्सेस शिफ्टची अदलाबदल त्यासाठीच मागतात. दुसरं, इलेक्शन. अमेरिकेत उमेदवार इलेक्शनला रन करतो, इथे ब्रिटनमध्ये तो स्टँड करतो. म्हणजे आपले लोक इलेक्शनला उभे राहतात ते बहुतेक इथलंच उचललेलं असणार. एकाच भाषेत एकाच कामासाठी एक देश पळतो आणि एक उभा राहतो, तुमच्या आउटरच्या गाडीसारखंच झालं हे. तसंच स्टॉकिंगचा धागा सुटून रेघ गेली की अमेरिकेत त्याला रन म्हणतात, इथे लॅडर, शिडी. हे काकूंसाठी, तुम्हाला काय उपयोग.

एवढं सगळं विनोदाने लिहिलं पण काका, खरं सांगायचं तर तुम्ही रिटायर झाल्यावर आरामात बसू शकला असता. आयुष्यभर रात्रीच्या रात्री गाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेक व्हॅनमध्ये, एकटे बसून काढलेल्या, थंडीत, पावसात, हातात दिवा आणि झेंडी, आणि मग घरी शांत झोपायच्या वेळी शेजारची पोरगी वही घेऊन यायची. तुम्ही एकदाही आज नको म्हणाला नाहीत. फी विचारली तर बाबांना म्हणालात, सीझनला रावेरची केळी आणून द्या, बाबांनी फणीच्या फण्या आणल्या, तुम्ही त्या कॉलनीत वाटून टाकल्या. माझं व्याकरण चुकलं तर तुम्ही हसला नाहीत, आणि उच्चाराचं तर म्हणायचे, खान्देशी वाटतेस तर वाटू दे, समोरच्याला कळलं ना. इथे माझ्या वॉर्डात यॉर्कशायरचे म्हातारे असं काही इंग्रजी बोलतात की लंडनच्या डॉक्टरला कळत नाही आणि मला कळतं, कारण मी शब्दापेक्षा पुढचा बारका शब्द आणि समोर काय चाललंय ते बघते, ही सवय तुमची. त्याचे पैसे केळ्यांत फिटत नाहीत एवढं मला कळतं.

२०२२ पासून गार्डची पोस्ट ट्रेन मॅनेजर झाली तेव्हा मी तुम्हाला चिडवलं होतं की तुम्ही मॅनेजर व्हायच्या आधीच रिटायर झालात. तुम्ही म्हणालात मी गार्डच बरा. असू दे. मी इथे सगळ्यांना गार्डकाका म्हणूनच सांगते.

आता काम. माझ्याबरोबर केरळच्या दोन मुली आहेत आणि एक आपली चोपड्याची नवीन आलीय, तिघींना मी तुमचं रन सांगून झालंय, पण आता त्या टेक आणि गेटवर अडकल्यात आणि माझ्याकडे त्याचं रेल्वेतलं उदाहरण नाही. तर दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा का? तुमची दुपारची झोप झाल्यावर, तिथले पाच, म्हणजे सध्या हिवाळ्यात इथले साडेअकरा. काकूंना विचारून सांगा, आणि चोपड्याचीला फी काय लावायची तेही, तिच्याकडे केळी नाहीत, पण तिची आई उन्हाळ्यात कुरड्या पाठवते.

तुमची,
शेजारच्या क्वार्टरमधली सिस्टर