वर्गात बोलतेस ना?

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू आपटलास, पण आवाज आधी मी चढवला होता. विद्यापीठाच्या सांस्कृतिक दिवसाला तू मंचावर जायलाच हवं, असं मी तीनदा म्हटलं. तू म्हणालीस, "आई, त्या दिवशी सगळ्यांना माझ्याबरोबर फोटो हवा असतो. प्रोजेक्टचे गट पाडताना मात्र मी उरते." आणि मी काय म्हटलं, तर "तूच मिसळत नसशील." तेव्हापासून झोप नाही.

खरं तर मला एवढंच विचारायचं होतं, की वर्गात बोलतेस ना?

हजेरीत सरांनी तुझं नाव अर्धं केलं आणि तू "चालेल" म्हणालीस, हे बाबांकडून कळलं. आजीनं ठेवलेलं नाव आहे ते. तास संपल्यावर जाऊन एकदा सांग, हवं तर अक्षरं फोडून लिहून दे. बाहेरून आलेल्या मुलांसाठी तिथे कक्ष आहे, समुपदेशक आहेत, वरच्या वर्गातली एखादी मुलगी सोबतीला देतात. ते सगळं तुमच्यासाठीच आहे, तिथे जाण्यात कमीपणा कसला? बघ, लागले उपदेश करायला. राहू दे.

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मी उत्तर द्यायला उभी राहिले होते. उत्तर बरोबर होतं, पण घरच्या बोलीतला एक शब्द तोंडून गेला आणि मागचे बाक हसले. बाईही हसल्या. पुढे दोन वर्षं मी हात वर केला नाही. मार्क चांगले पडत होते, त्यामुळे घरी कुणाला पत्ताच लागला नाही. आत्याला माहीत आहे. तिला विचारू नकोस मात्र, ती अजून रडते. मग एकदा ग्रंथालयात एका मुलीनं विचारलं, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" मी सांगितलं, तिनं लिहून घेतलं, मग तिच्याकडचा शब्द मला दिला. ती निळी वही तीच गं, जिच्यावर तू लहानपणी मांजरं काढलीस.

म्हणून विचारते पुन्हा पुन्हा. बोलतेस ना?

तुझ्यासारख्याच उरलेल्या चौघींनी मिळून २१ फेब्रुवारीला आपापल्या भाषेतली कविता वाचायची आणि अर्थ सांगायचा, हे तुम्ही ठरवलंत. मी फोनवर त्याबद्दल एक शब्दही बोलले नाही, पण शेजारी दोघींना सांगून आले. १९५२ साली याच तारखेला ढाक्यात बांगला भाषेसाठी रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. युनेस्कोनं १९९९मध्ये हा मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला, तो त्यांच्या आठवणीत. तुझ्याच वयाची मुलं होती गं ती. तू जपून राहा.

गुरुवारी तुझं सादरीकरण आहे ना? काय बोललीस ते सांग. अडखळलीस तर तेही सांग. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
आई