बाबा, दोष डोळ्यांचा नाही

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबा मान तिरकी करून कॉम्प्युटरवर भिशीचा हिशेब वाचताना दिसले, तेव्हापासून जिवाला चैन नाही. "ऑपरेशननंतर उजवीकडचं नीट दिसेना झालंय," म्हणालात. मग आईने फोन स्क्रीनजवळ नेला आणि मला कळलं. डावीकडे बोटभर काळी पट्टी, उजवीकडे 'शिल्लक'च्या रकान्यातला शेवटचा आकडा अर्धा कापलेला. बाबा, तुमचे डोळे छान आहेत. चित्रच सरकलंय.

सीपीयू राजारामपुरीत दुरुस्तीला जाऊन आला तेव्हापासूनचं हे असणार. निळ्या पिनेच्या त्या जुन्या व्हीजीए केबलमधून रंग येतात आणि नवी ओळ सुरू झाल्याचा इशारा येतो. ओळीत चित्र नेमकं कुठून धरायचं, ते मॉनिटरला स्वतःच ताडावं लागतं. ऑटोचं बटण दाबलं की तो उजेड कुठून लागतो ते बघून कड ठरवतो. आणि तुमच्या स्क्रीनवर रंकाळ्याचा रात्रीचा फोटो, कडेला सगळा अंधार! तुम्ही बटण दाबूनही फरक पडला नाही तो बहुतेक यामुळेच. फोटो काढू नका, मलाही तो फार आवडतो.

आधी डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशन बघा. आपला मॉनिटर १७ इंची चौकोनी, त्याला १२८० बाय १०२४ लागतं. मग नोटपॅड उघडून पूर्ण स्क्रीनभर मोठं करा, म्हणजे कडेपर्यंत पांढरं होईल. आता मॉनिटरच्या खालचं ऑटोचं बटण दाबा आणि चार-पाच सेकंद थांबा. चित्र थोडं हलेल, घाबरू नका. तरीही पट्टी राहिलीच तर मेनूत एच पोझिशन शोधून बाणाच्या बटणाने चित्र डावीकडे घ्या. त्या वेळी आई, तू जरा लांब उभी राहून दोन्ही कडा सारख्या झाल्या का ते सांग. जवळ बसलेल्याला ते कळत नाही.

नवा मॉनिटर आत्ता घेऊ नका. बाबांच्या मानेला रात्री शेक दे. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय, पण तोवर थांबू नका, उद्याच करून बघा आणि 'शिल्लक'चा आकडा पूर्ण दिसला की फोटो पाठवा.

तुमची लेक