उन्हाळ्यात जाड ऑइलचा सल्ला तपासून पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की इंजिनात जरा जाड ऑइल घालावे, असा सल्ला अनेक गॅरेजमध्ये आपुलकीने दिला जातो. झिजलेल्या जुन्या इंजिनांपुरता त्याला आधार आहे. पण बारीक वाटांचा ऑइल कूलर, म्हणजे इंजिनातले तापलेले ऑइल निववणारा भाग, असलेल्या ट्रॅक्टर, ट्रक व मोटारसायकलींत तो उलटू शकतो.

ऑइलची उष्णतावाहकता पाण्याच्या जेमतेम पाव आहे. शिवाय कूलरमधून ते संथपणे, थराथराने वाहत असल्याने भिंतीलगतचा थर निवतो आणि मधले ऑइल तापलेलेच राहते. वाट अरुंद केली की मधल्या ऑइललाही भिंत जवळ येते. अशा संथ प्रवाहात नलिकेचा व्यास निम्मा केल्यास भिंतीकडे उष्णता जाण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो आणि तेवढ्याच जागेत भिंतीचे क्षेत्रफळही वाढते. तळहाताएवढा कूलर मोठे काम करतो तो यामुळेच. आयआयटी मुंबईतून पीएच.डी. केलेले प्रा. सतीश कांडलीकर यांनी रूढ केलेल्या वर्गीकरणात 200 मायक्रोमीटर ते 3 मिलिमीटर व्यासाच्या अशा नलिकांना मिनिचॅनल म्हणतात.

मात्र या लाभाची किंमत दाबात मोजावी लागते. नलिकांची लांबी व सर्व नलिकांच्या तोंडांचे मिळून क्षेत्रफळ तेच ठेवून व्यास निम्मा केला, तर ऑइल ढकलायला चौपट दाब लागतो, आणि ऑइल जितके जाड तितका तो आणखी वाढतो. 100 अंश सेल्सिअसला 40 ग्रेडच्या ऑइलची स्निग्धता, म्हणजे जाडपणा, 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक्स (स्निग्धतेचे एकक), तर 50 ग्रेडची 16.3 ते 21.9 असते, कूलरच्या थंड भिंतीजवळ ती याहून पुष्कळ जास्त भरते. दाब मर्यादेपलीकडे गेला की कूलर टाळून ऑइलला वाट देणारा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि काही ऑइल न निवताच बेअरिंगकडे परत जाते. ज्या उष्णतेच्या भीतीने जाड ऑइल घातले, तीच मग वाढण्याची शक्यता असते. कंपनीच्या पुस्तिकेने तशी मुभा दिली असेल तर अर्थातच प्रश्न नाही.

बेअरिंग जळाल्यावर जुना कूलर धुऊन पुन्हा बसवण्याची काटकसरही महागात पडते. बारीक वाटांत अडकलेले धातूचे कण धुण्याने पूर्ण निघतील याची खात्री नसते, आणि ते सुटले की दुरुस्त केलेले इंजिन पुन्हा खराब होते.

म्हणून उत्पादकांनी ऑइलची ग्रेड भरणीच्या झाकणाजवळ मराठीत ठळक छापावी, आणि आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या प्रात्यक्षिकांत कूलरच्या आधी व नंतर दाब मोजण्याचा सराव करून घ्यावा, ही विनंती.

— यंत्र अभियांत्रिकीचा एक निवृत्त अध्यापक, कोल्हापूर