गाडी परत जातेय, काळजी करू नका

ती. आई-बाबा,
शि.सा.न.

फोनवर नीट बोलणं होतच नाही, बाबा दोन मिनिटांत फोन आईकडे देतात आणि आई जेवलीस का विचारून अमोलकडे, म्हणून यावेळी सविस्तर लिहितेय. अमोल, बाबांना मोठ्याने वाचून दाखव, चष्म्याचा नंबर बदलायचा राहिलाय ना अजून. मी मजेत आहे, ऑफिसचं नेहमीसारखंच चाललंय, थंडी आता सरत आलीय. आईचा गुडघा कसा आहे ते मात्र खरंखरं कळवा, नुसतं "बरा आहे" नको, जिना चढते का, फिजिओवाल्याने सांगितलेले व्यायाम करते का ते लिहा.

आता गाडीचं. बाबा, परवा तुम्ही म्हणालात की तीन वर्षं हप्ते भरले आणि आता गाडीच परत द्यायची म्हणजे पैसे पाण्यात गेले, आणि वर काकांच्या ओळखीतल्या कुणाच्या मुलाला गाडी परत देताना मोठं बिल आलं म्हणे. तेव्हापासून तुम्हाला नीट झोप नाही असं आई सांगत होती. म्हणून सगळं समजावून सांगते, एकदाचं मनातून काढून टाका.

मुळात ते हप्ते नव्हतेच, भाडं होतं. इथे ब्रिटनमध्ये याला पर्सनल काँट्रॅक्ट हायर म्हणतात, सगळे पीसीएचच म्हणतात. दोन, तीन नाहीतर चार वर्षांचा करार असतो, सुरुवातीला काही महिन्यांचं भाडं एकदम द्यायचं, मग दर महिन्याला ठरलेली रक्कम, आणि मुदत संपली की गाडी परत. गाडी कधीच माझी नव्हती, नोंदणीच्या कागदावर पहिल्या दिवसापासून नाव लीजिंग कंपनीचं. रोड टॅक्स पण तेच भरतात, इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग माझ्याकडे. फ्रान्सला न्यायची म्हटलं तरी आधी त्यांची परवानगी लागते आणि व्हीई १०३ नावाचं सर्टिफिकेट सोबत ठेवावं लागतं.

हिशोब तुमच्याच कामातला आहे बाबा, तुम्ही ऑफिसात इतकी वर्षं घसारा लिहिलात तोच. समजा नवी गाडी २४,००० पौंडांची आहे आणि कंपनीचा अंदाज आहे की तीन वर्षांनी ती १३,००० ला विकली जाईल, तर मधल्या ११,००० चा घसारा आणि गाडीत अडकलेल्या पैशांवरचं व्याज, साधारण एवढंच माझ्याकडून घ्यायचं, तेही ३६ महिन्यांत वाटून. पूर्ण गाडीचे पैसे मी देतच नाही. मग गाडी परत गेली की कंपनी ती लिलावात नाहीतर डीलरला विकते आणि उरलेले पैसे तिथून वसूल करते. म्हणून तर परत देताना गाडी कशी आहे याला एवढं महत्त्व, त्यांचा सगळा अंदाजच त्या १३,००० वर बेतलेला असतो. किलोमीटरचं पण तेच, माझा करार वर्षाला १०,००० मैलांचा होता म्हणजे साधारण १६,००० किलोमीटर, त्याच्यावर गेलं की प्रत्येक मैलामागे काही पेन्स लावतात. मी त्याच्या बरीच आत आहे, त्यामुळे तो प्रश्नच नाही.

आता ओरखड्यांचं, कारण तुमची खरी काळजी तीच आहे.

इथे बीव्हीआरएलए म्हणून गाड्या भाड्याने आणि लीजवर देणाऱ्या कंपन्यांची संघटना आहे, ब्रिटिश व्हेईकल रेंटल अँड लीजिंग असोसिएशन. त्यांनी एक पुस्तिका काढलीय, गाडी वापरली की किती झीज होणारच आणि किती झाली की ते नुकसान धरायचं हे त्यात मिलिमीटरमध्ये लिहिलंय. खरंच मिलिमीटरमध्ये. ओरखडा २५ मिलिमीटरपर्यंत चालतो, पण खालचा प्रायमर किंवा पत्रा दिसता कामा नये. पोचा १५ मिलिमीटरपर्यंत चालतो, एका पॅनेलवर, म्हणजे दार, बॉनेट अशा पत्र्याच्या एका भागावर, दोनपेक्षा जास्त नकोत आणि रंग फुटलेला नको, छतावर मात्र एकही चालत नाही. खडी उडून रंगाचे टवके उडतात ते ३ मिलिमीटरपर्यंत, एका पॅनेलवर चार, दाराच्या कडेला सहा, आणि बॉनेटसारख्या पुढच्या भागावर आठ, कारण समोरून खडी लागणारच हे त्यांनाही मान्य आहे. ॲलॉय व्हीलच्या कडेला फुटपाथ घासून येतात ते ओरखडे पूर्ण चाकाला मिळून ५० मिलिमीटरपर्यंत. टायरची खाच कायद्याप्रमाणे किमान १.६ मिलिमीटर खोल पाहिजे, तीही टायरच्या मधल्या पाऊण भागात सगळीकडे.

हे वाचून तुम्हाला वाटेल की किती बारकाईने बघतात, पण मला ते उलट आधाराचं वाटतं. भाड्याची खोली सोडताना घरमालक भिंतीतली खिळ्याची भोकं दाखवून डिपॉझिट कापतो तेव्हा आपण काय बोलणार, काही लिहिलेलंच नसतं. इथे लिहिलंय. मी पट्टी घेऊन स्वतः मोजू शकते आणि बिल आलंच तर पुस्तिकेतली ओळ दाखवू शकते. तरी पटलं नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तिथे मिटलं नाही आणि कंपनी सभासद असेल तर संघटनेकडे दाद मागता येते. माझी आहे, मी करार करतानाच बघितलं होतं. काकांच्या ओळखीतल्या त्या मुलाचं काय झालं मला माहीत नाही पण बरीच बिलं ॲलॉय, बंपर आणि राहून गेलेल्या सर्व्हिसिंगची असतात. माझं सर्व्हिसिंग सगळं वेळेवर झालंय, नोंदी आहेत.

पुस्तिकेतच म्हटलंय की परत द्यायच्या दहा-बारा आठवडे आधी गाडी स्वतः तपासा म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. मी डिसेंबरमध्येच तपासली. गाडी धुवून पूर्ण वाळू द्यायची, ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत, आणि उजेडात बघायची, इथे डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो म्हणून रविवारी दुपारी केलं. खालच्या मजल्यावरची प्रियांका आली होती मदतीला, दुसऱ्याची नजर असावी असं त्यांनीच लिहिलंय. पुढून सुरुवात करून आम्ही पॅनेल-पॅनेल फिरलो, खाली वाकून तिरक्या नजरेने पत्रा बघायचा, उजेडाची रेघ जिथे वाकडी होते तिथे पोचा. डाव्या मागच्या दारावर एक सापडला, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं दार लागलेलं, मोजला तर १२ मिलिमीटर, रंग शाबूत. चालतो. मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर मात्र लांब ओरखडा होता आणि आतला रंग दिसत होता, तो चालणारा नव्हता. तो घराशी येऊन करून देणाऱ्या माणसाकडून करून घेतला, याला स्मार्ट रिपेअर म्हणतात, तेवढाच भाग घासून रंगवतात, अख्खा बंपर काढायला लागत नाही. ९० पौंड घेतले. काम चांगलं असेल तर दुरुस्ती चालते, वाईट केली तर ती पण नुकसानीत धरतात, म्हणून मी स्वस्तातला माणूस शोधला नाही. बाबा, ९० पौंड म्हणजे किती रुपये याचा गुणाकार करू नका, प्लीज.

आई, तू डॅशबोर्डवर लावायला दिलेला गणपती परत जाणार नाहीये, ते तुला अमोलने उगाच सांगितलं. चिकटपट्टी जोरात ओढली असती तर खालचं प्लास्टिक खराब झालं असतं, म्हणून हेअर ड्रायरने कोमट केलं आणि दात साफ करायचा दोरा मूर्तीखालून हळूहळू करवतीसारखा फिरवला, अलगद सुटली. उरलेला चिकटा बोटाने चोळून काढला, आता तिथे काही लावलेलं होतं हे कळणार पण नाही. मूर्ती देवघरात ठेवलीय, म्हणजे माझ्या पुस्तकांच्या शेल्फवर, तेच देवघर. आणि सीटवर एकही डाग नाही. लोणच्याची बरणी मी कायम डिकीत, दोन पिशव्यांत ठेवायचे. गाडी आतून स्वच्छ आणि वास नसलेली द्यायची असते, त्यामुळे तू पाठवलेला मसाला गाडीतून आणताना सुद्धा डब्यात डबा असायचा. तुला वाटतं मी निष्काळजी आहे पण मी नाहीये.

गाडी न्यायला माणूस घरीच येतो. टॅब घेऊन चारी बाजूंनी फोटो काढतो, किलोमीटर लिहितो, किल्ल्या दोन्ही द्यायच्या, एक हरवली तर तिचे बरेच पैसे लागतात, आणि मग रिपोर्टवर सही. सही करायच्या आधी सगळं वाचायचं, आपल्याला मान्य नसेल ते तिथेच लिहायचं. काही कंपन्या पुन्हा डेपोत नेऊन सविस्तर तपासतात आणि बिल नंतर येतं, म्हणून आदल्या दिवशी आपणही फोटो काढून ठेवायचे, तारखेसकट, किलोमीटरचा काटा दिसेल असे. गाडी प्रत्यक्ष जाईपर्यंत इन्शुरन्स बंद करायचा नाही. फोन गाडीला जोडलेला असतो ते सगळे नंबर पुसायचे, नकाशात सेव्ह केलेला पत्ता पुसायचा. यातलं सगळं मी कागदावर लिहून फ्रिजला लावलंय. पाडव्याच्या आधी गाडी गेलेली असेल.

आणि हो, एवढी गाडी होती तर आम्हाला फिरवायला बोलावलं नाहीस असं आई बोलून गेली, ते माझ्या मनात राहिलंय. पहिल्या वर्षी व्हिसाचं जमलं नाही, दुसऱ्या वर्षी बाबांचं मोतीबिंदू, मग गुडघा. मी नको म्हणत नव्हते गं. ऑपरेशनच्या वेळी मी नव्हते तिथे, वहिनीनेच सगळं केलं, दादा आणि वहिनी नसते तर काय झालं असतं याचा विचार मी रोज करते पण फोनवर बोलत नाही कारण तू लगेच रडतेस आणि मग मी पण. बोलावणार आहे, गाडी असो नसो, इथे ट्रेन चांगल्या आहेत आणि मोठ्या स्टेशनांत लिफ्ट असते.

आता महत्त्वाचं. पुढची गाडी मी घेत नाहीये. कंपनीकडून नव्या गाडीचे फोन येतायत, बरेच लोक एक गाडी देतात आणि त्याच आठवड्यात दुसरी घेतात, वर्षानुवर्षं तसंच चालतं. पण आमचं ऑफिस आता रेडिंग स्टेशनच्या जवळ आलंय, मला घरापासून एक बस पुरते. भाडं महिन्याला २७५ पौंड होतं आणि इन्शुरन्स वेगळा, ते सगळे पैसे आता मोकळे होतात. पैसे कमी पडले म्हणून गाडी सोडली असं बाबा सगळ्यांना सांगत बसू नका, तसं काही नाही. हे पैसे एप्रिलपासून घरी पाठवणार, आणि कशासाठी ते सांगते.

अमोलचं लग्न. माझं आधी व्हायला पाहिजे म्हणून तुम्ही त्याचं अडवून ठेवलंय हे मला वहिनीकडून कळलं, तुम्ही कुणीच मला सांगितलं नाहीत. मुलगी चांगली आहे, घरचे चांगले आहेत, दोघांचं जमतंय, मग थांबायचं कशासाठी. लोक बोलतील हे मला माहीत आहे. आत्या बोलेल, ती माझ्याशी बोलू दे, तिला माझा नंबर द्या. कोथरूडच्या त्या स्थळाचं म्हणाल तर मी त्या मुलाशी दोनदा बोललेय, माणूस बरा आहे, पण त्याला मी सहा महिन्यांत तिकडे कायमची यायला हवी आणि मी तसं आत्ता वचन देऊ शकत नाही, खोटं कसं सांगू. आई, मी लग्नच करणार नाही असं म्हणत नाहीये, हे दोनदा वाच.

साखरपुड्याला मला येता येणार नाही, रजा मिळून मिळून एकदाच मिळेल आणि ती मी लग्नासाठी राखून ठेवतेय, तीन आठवडे येईन, हळदीपासून पूजेपर्यंत सगळं. साखरपुडा व्हिडिओवर बघेन, अमोल, फोन कुणाच्यातरी हातात दे, मागच्या वेळेसारखा खुर्चीवर टेकवून ठेवू नको, नुसता पंखा दिसत होता. हॉलचा ॲडव्हान्स मी भरते. बाबा, नाही म्हणू नका, तुमची एफडी मोडायची नाही, ती आईच्या दुसऱ्या गुडघ्यासाठी आहे. गाडीचं काही बिल आलंच तर त्यासाठी मी वेगळे ठेवलेत, हॉलच्या पैशाला त्याचा धक्का लागणार नाही.

मे मधल्या तारखा भटजींना विचारून दोन-तीन कळवा म्हणजे रजेचा अर्ज टाकता येईल, आत्ता टाकला तर तिकीट पण स्वस्त पडेल. हॉलवाल्याचा अकाउंट नंबर आणि आयएफएससी कोड अमोल मला व्हॉट्सॲपवर टाक, फोटो नको, टाइप करून टाक.

आजीला नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुमची,
मनू