तरवड तोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा जवळ आला की टेकड्यांवर वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. खड्डे घेण्याआधी जागा साफ करतात आणि या साफसफाईत पहिला कोयता पडतो तो तरवडावर. त्याच्या जागी पुष्कळदा गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावले जाते. तेही शेंगवर्गातलेच, पण मूळचे मध्य अमेरिकेतले. दख्खनच्या माळावर आपणहून उगवलेले फुलझाड काढून असे हिरवेपण आणणे मला अजिबात पटत नाही.

मुरमाड जमीन आणि तुटपुंजा पाऊस तरवडाला पुरतो. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराऊ रानातही तो टिकून राहतो. त्याचे पिवळेधमक फूल एकदा जवळून पाहावे. त्यात मध नसतो. 10 पुंकेसरांपैकी वरचे तीन वांझ, आणि बाकीच्यांतले पराग आत कोंडलेले, बाहेर यायला वाट फक्त टोकाच्या बारीक छिद्रांतून. लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा फुलाला बिलगतो, अंग जोराने थरथरवतो, तेव्हा कुठे ते पराग बाहेर उडतात. हा गुंजारव माळावर सहज ऐकू येतो. फिकट हिरवट-पांढरी स्थलांतरी फुलपाखरे याच्याही पानांवर अंडी घालतात. झुडूप गेले की त्यांच्या अळ्यांचे खाणेही घटले.

एके काळी कातडी कमावायला तरवडाची साल लागे. नवरात्रात आजही अनेक घरांत घटाला त्याच्या फुलांची माळ चढते. शेजारच्या तेलंगणाने तर त्याला राज्यफुलाचा मान दिला आहे. तिथल्या बतुकम्मा सणात फुलांची जी उतरंड रचतात, ती त्याच्या फुलांशिवाय सहसा रचली जात नाही.

माळावर टाकळ्याच्या जातीची पिवळ्या फुलांची परदेशी तणेही माजली आहेत. ती जरूर उपटावीत. ओळखायला सोपे आहे: तरवडाच्या पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णे असतात आणि शेंग चपटी, कागदासारखी पातळ असते.

वृक्षारोपण करणाऱ्या संस्थांना आणि वनखात्याला विनंती, की खड्ड्यांची आखणी करण्याआधी उभ्या तरवडांवर खूण करावी आणि त्यांना वगळून जागा धरावी. उघड्या उतारांवर तर बीच टाकावे. बियांचे कवच टणक असते. गरम पाण्यात भिजवून किंवा जरा घासून पहिल्या पावसात टाकले की रुजायला सोपे जाते.

आपला,
एक वाचक