दाराआडचा बाबा

पुणे, शनिवार, 7 फेब्रुवारी 2026

चिऊ,

आज तू 170 दिवसांची झालीस. आत्ता आतल्या खोलीत झोळीत झोपली आहेस आणि तुझी आई सोमवारी घालायच्या कपड्यांना इस्त्री करते आहे. तिची बाळंतपणाची रजा संपली, परवापासून ती ऑफिसात जाणार. हे 26 आठवडे कसे गेले असं विचारलं तर ती म्हणते, एकच मोठी रात्र होती. मला मात्र त्यातला दिवस न् दिवस वेगळा दिसतो, कारण आपल्या घरात एक वही आहे.

वही माझ्या कामाची. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. पहिल्या तीसेक पानांवर मीटिंगची टिपणं आहेत. 21 ऑगस्टला तू झालीस आणि पुढच्या पानापासून सगळं बदललं. ‘2.10 दूध. 2.40 ढेकर. 3.05 शी, पिवळी. 4.20 दूध.’ डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसरात्रीत मिळून आठ ते बारा वेळा दूध पाजायचं, आणि पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. तेवढे झाले की समजायचं, पोट भरतंय. म्हणून मी मोजत होतो. ओल्या लंगोटाला नुसता ‘ल’ लिहायचो. कितीतरी पानांवर समासात ल ल ल अशी ओळ आहे. ही वही मी टाकणार नाही.

तुझा जन्म साताऱ्यातला, आणि पहिला सव्वा महिना वाईला, तुझ्या आईच्या माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. त्या रीतीत बाप बारशाला येतो, जेवतो आणि परत जातो. माझं काम लॅपटॉपवरचं, ते कुठूनही होतं, म्हणून मी तिथेच राहिलो. जावई एवढे दिवस सासुरवाडीला राहणार म्हटल्यावर गल्लीत थोडी कुजबुज झाली असेल, पण आजोबांनी एका शब्दानं विचारलं नाही. त्यांनी माडीवरची शिलाई मशीन खिडकीपाशी सरकवली, वर जाड फळी टाकली आणि म्हणाले, “इथं उजेड चांगला येतो.” तेच माझं ऑफिस. वीज गेली की ते स्वतः वर येऊन इन्व्हर्टर बघायचे. माझी मीटिंग असली की आजी कुकर लावायची थांबायची.

मला पितृत्वाची रजा मिळाली पाच दिवसांची. हे मी तुला मुद्दाम लिहून ठेवतो, कारण तू मोठी होशील तेव्हा हे बदललेलं असावं अशी माझी फार इच्छा आहे. 2017 साली कायदा बदलला आणि पहिल्या दोन बाळांसाठी आईची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. चांगलंच झालं. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला द्यायलाच हवी अशी रजा कायद्यात नाही, कंपनी देईल ती खरी. यात बापावर अन्याय होतो असं लोक म्हणतात. मला वाटतं, त्याहून मोठा अन्याय आईवर होतो. टाके ओले असताना तिनं एकटीनं सगळं शिकायचं, आणि एकदा ती शिकली की मग सगळं तिलाच येतं म्हणून ते कायमचं तिच्याकडेच राहतं.

पाच दिवस संपले तेव्हा तू आठ-नऊ दिवसांची होतीस. गौरी-गणपतीचे दिवस, दारासमोरून ढोल-ताशे जायचे आणि तू दचकून दोन्ही हात पसरायचीस. त्याच्या आधी, सहाव्या रात्री, आजीनं पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते म्हणतात. घरात पेन सापडेना, म्हणून मी माझं दिलं. सकाळी कागद कोराच होता. तो घडी करून मी वहीत ठेवला आहे, तुझा आहे, तुला देईन.

अंघोळ मी आजीकडून शिकलो. एक बाई मालिशीला यायच्या, त्या गणपतीत चार दिवस आल्या नाहीत आणि आजीची कंबर धरली होती. आजी म्हणाली, “जावईबापू, पाटावर बसा आणि पाय पसरा.” मी बसलो. तिनं तुला माझ्या नडग्यांवर पालथं निजवलं. एवढीशी पाठ, तेलानं चकचकणारी. माझे हात थरथरत होते. ती म्हणाली, “मान सांभाळा, बाकीचं ती सांभाळते.” पाणी कोपरानं बघायचं, बोटांनी नाही, बोटं निबर असतात. तोंडावर पाण्याची धार धरायची नाही. डाळीचं पीठ आणि साय हलक्या हातानं लावायची, चोळायचं नाही. मग पंच्यात गुंडाळून उराशी धरायचं. धुरीवर मात्र डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती, बाळाच्या छातीत धूर जातो म्हणून. आजीला ते आवडलं नाही, पण तिनं शेगडी मागच्या अंगणात नेली आणि वावडिंग-ओव्याचा वास तेवढा लांबून घरात आला.

त्या चार दिवसांनंतर बाई परत आल्या, तेव्हा मी आजीला म्हटलं, मालीश त्या करतील, अंघोळ मी घालतो. तेव्हापासून आजतागायत साडेआठची अंघोळ माझी आहे. पाणी तापवण्यापासून टोपड्याचे बंद बांधण्यापर्यंत. तुझ्या आईला त्या वेळात झोपायचं असतं आणि तिला माहीत असतं की कोणी हाक मारणार नाही, पंचा कुठंय म्हणून विचारणार नाही. लोक म्हणतात, बाबा मदत करतात हो. हा शब्द मला टोचतो. शेजाऱ्याला मदत करतात. अंघोळ हे माझं काम आहे.

हे सगळं छान वाटतंय ना वाचायला? आता जे लिहायचं म्हणून पत्र लिहायला बसलो, ते लिहितो.

मी तुला लपवत होतो.

दसऱ्यानंतर आपण पुण्याला, धायरीच्या घरी आलो. लहान बेडरूम माझं ऑफिस झाली. दार लावायचो. मागची भिंत दिसू नये म्हणून पडद्यावर धूसर पार्श्वभूमी लावायचो, कारण मागे दोरीवर तुझी दुपटी वाळत असायची. माइक बंदच ठेवायचो, बोलायची पाळी आली की चालू करायचो, दोन वाक्यं बोलून पुन्हा बंद. तू रडलीस की माझा जीव तुझ्याकडे आणि चेहरा पडद्याकडे. दुपारी कामाचा रेटा कमी असला की झोळी माझ्या खुर्चीजवळ आणायचो, तिची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचो आणि टाइप करता करता झोके द्यायचो. कॅमेऱ्यात माझे खांदे स्थिर दिसायचे. माझ्या टीममधल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं की मला मुलगी झाली आहे, पण ती या घरात, या दाराच्या पलीकडे आहे, हे मी कुणाला जाणवू दिलं नाही. घरून काम करतो म्हणजे कमी काम करतो, असं कुणाला वाटू नये ही भीती. त्या भीतीनं मी ऑफिसपेक्षा जास्त तास बसायला लागलो. घरात होतो आणि तुला नव्हतो. तुझ्या आईनं ते माझ्या आधी ओळखलं होतं, पण ती बोलली नाही.

30 ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी तुला दहा आठवड्यांची लस दिली. एकाच सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब. मांडीला गाठ येईल, ताप येईल, घाबरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. साडेसातला माझी अमेरिकेबरोबर मीटिंग होती आणि त्या दिवशी माहिती मी द्यायची होती. मी बोलत असताना दार उघडलं. आई दारात, खांद्यावर तू, लालबुंद, रडून आवाज बसलेला. तिला काहीतरी विचारायचं होतं. मी तिच्याकडे न बघता हाताचा पंजा वर केला. थांब.

ती थांबली. मग तिनं दार आवाज न करता ओढून घेतलं.

मी बेचाळीस मिनिटांनी बाहेर आलो. वहीत तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘7.35 ताप 101.4. 7.50 औषधाचे थेंब दिले. 8.05 ओलं फडकं.’ तू झोपली होतीस, तिच्या खांद्यावरच. ती हॉलच्या मधोमध उभी होती. बसलं तर तू उठशील म्हणून ती तेव्हापासून उभीच होती. मी जवळ गेलो तर ती एवढंच म्हणाली, “पाणी दे.” नंतर समजलं, तिला विचारायचं होतं ते एकच, थेंबांची बाटली कुठे ठेवली आहेस. बाटली माझ्या टेबलाच्या खणात होती. दुसरी बाटली तिनं शेजारच्या काकूंना पाठवून मागवली.

तो पंजा मला अजून दिसतो. माझ्या हातून काही मोठं झालं नाही, ताप लसीचा होता, रात्रीत उतरला. पण माझ्या मुलीला ताप होता आणि मी तिला ‘थांब’ म्हटलं, ते काम थांबू शकत नव्हतं म्हणून नव्हे. तू आहेस हे त्या लोकांना कळू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मॅनेजरांना फोन केला आणि सरळ सांगितलं. घरात दहा आठवड्यांची मुलगी आहे, तिचा आवाज येईल, मी मध्येच उठेन, साडेसहा ते साडेआठ मी कामावर नसेन. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आधीच का नाही सांगितलंत? पुढच्याच रविवारी अमेरिकेतली घड्याळं थंडीसाठी तासभर मागे गेली आणि आपल्याकडची साडेसातची मीटिंग साडेआठला सरकली. संध्याकाळ मोकळी झाली. मार्चमध्ये ती घड्याळं पुन्हा पुढे जातील, तेव्हाचं आत्ताच ठरवून टाकलं आहे: आठवड्यातले तीन दिवस ती मीटिंग माझा सहकारी घेईल आणि सकाळची त्याची कामं मी घेईन. धूसर पार्श्वभूमी मी काढून टाकली. नोव्हेंबरात एकदा तू माझ्या मांडीवर असताना तिकडच्या एका बाईंनी तुझं नाव विचारलं आणि पाच मिनिटं कामाचं कुणी काही बोललंच नाही.

दार आता लावत नाही.

दिवाळीत तुझे आजोबा, माझे बाबा, आले होते. ते एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं. मी झालो तेव्हा ते मुक्कामी गाडीवर, मला पाहिलं ते तेराव्या दिवशी. मी तुला अंघोळ घालत होतो आणि ते मोरीच्या दारात उभे राहून बघत होते, बराच वेळ. मग म्हणाले, “मी तुला असं कधी घेतलंच नाही रे. कुणी सांगितलं नाही, आणि मला सुचलं नाही.” मी त्यांना पाटावर बसायला सांगितलं. त्यांनी धोतर वर खोचलं, पाय पसरले, आणि मी तुला त्यांच्या नडग्यांवर निजवलं. मान सांभाळा, म्हटलं.

आता सोमवारचं. मी साठवलेली तीन आठवडे रजा टाकली आहे. बाळ सांभाळायचं आणि मीटिंगही करायची, ही दोन्ही कामं एका वेळी होत नाहीत. होतात असं म्हणणारा कुणाला तरी फसवतो, बहुतेक वेळा बायकोला. तीन आठवड्यांनंतर मी काम करेन तेव्हा तू आजीजवळ असशील. ती वाईहून दोन महिन्यांसाठी येते आहे. पुढे तुझ्या आईच्या ऑफिसचं पाळणाघर आहे, ते आम्ही दोघं बघून आलो, बाई प्रेमळ वाटल्या.

गेले पंधरा दिवस आपण दोघं वाटी-चमच्याचा सराव करतो आहोत. आजोबांनी चांदीचं बोंडलं आणलं होतं, पण त्याची चोच आतून नीट घासता येत नाही म्हणून डॉक्टर नको म्हणाले. पहिले तीन दिवस तू चमचा जिभेनं ढकललास, सगळं दूध लाळेऱ्यावर. आईचं काढलेलं दूध, तिनं पहाटे उठून काढलेलं. प्रत्येक सांडलेल्या चमच्याला मला तिच्याकडे बघवत नसे. चौथ्या दिवशी ती खोलीबाहेर गेली आणि तू प्यायलीस. तिचा वास आसपास असताना तुला चमचा कशाला हवा? आता साठ-सत्तर मिली सहज पितेस.

फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, मागच्या बाजूला सहा पिशव्या आहेत, तारीख-वेळ घातलेल्या. चार दिवसांच्या आत वापरायच्या, जुनी आधी. आत्ताच आईनं इस्त्री बंद केली आणि सातवी ठेवून आली. तारखेखाली तिनं एक बारीक चिमणी काढली आहे.

उद्या साडेअकराला आजीची गाडी स्वारगेटला लागते. आपण दोघं आणायला जाऊ. थंडी आहे, लोकरीचं टोपडं घालू.

तुझा
बाबा